ठोक्याचें निदान

मांजरसुंब्याचा घाट चढतांना आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनांतून ठक्‌ठक् असा आवाज येऊं लागला. या मोटारींचें उत्पादन २००१ सालींच थांबलेलें, चिरंजीव म्हणाले, "नाना, आतां भंगारांत द्या." बीडच्या वृद्ध मिस्त्रीनें मात्र इंजिन चालूं ठेवून चारही प्लगांच्या तारा एकेक करून काढून पाहिल्या. तिसरी काढतांच ठोका मंदावला. त्या सिलिंडरांत स्फोट न झाल्यानें तेथील कनेक्टिंग रॉडवरचा भार हलका झाला होता. झिजलेलें बेअरिंग तेथेंच सांपडलें. उपचारानें उतार पडतो कीं नाहीं, यावरून रोग ओळखण्याच्या रीतीस आयुर्वेदांत 'उपशय' म्हणतात. मोटार वांचली. मला मात्र 'ठोंब्या' म्हणून मागच्या बांकावर बसविलेलीं मुलें आठवलीं. त्यांचें दुखणें नेमकें कोठें आहे, हें मीं कधीं असें तपासून पाहिलें होतें काय?