लघवीचं कोणी विचारत नाही

बोटॉक्स म्हटलं की आपल्याला नटनट्यांचे चेहरे आठवतात. पण तेच इंजेक्शन मणक्याला मार लागलेल्या माणसाच्या लघवीच्या पिशवीतही देतात. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, अशा ज्या लोकांशी मी बोललो, त्यांच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं.

आपल्या जिल्ह्यात कुणी बकऱ्यांसाठी पाला तोडताना झाडावरून पडतो, कुणी विहिरीच्या कामावर, कुणी हायवेवर. जीव वाचतो, पण कमरेखालचं अंग जातं. भेटायला येणारे विचारतात, "चालतो का आता?" लघवीचं कोणी विचारत नाही, अन् खरा त्रास तिथंच असतो. मेंदूचा निरोप पोचत नाही, पिशवी आपल्या मनानं आवळते, कपडे ओले होतात. मग माणूस लग्नाला जाणं सोडतो, पारावर बसणं सोडतो.

काहींचं तर पिशवी आवळते त्याच वेळी खालची झडपही आवळते. लघवीला वाट नाही, दाब उलटा किडनीवर. संग्रामपूर, जळगाव जामोदकडं किडनी गेली की आपण खारपाणाच्या पाण्याला दोष देतो. पण मणक्याच्या रुग्णाची किडनी अशीही जाते, आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही.

दुर्बीण घालून पिशवीच्या स्नायूत साधारण 30 ठिकाणी थोडं थोडं औषध देतात, एकूण 200 युनिट. स्नायू सैल पडतो, लघवी मावते. असर काही महिने टिकतो, मग पुन्हा द्यावं लागतं. अमेरिकेत याला 2011 मध्ये मान्यता मिळाली. झडपेत द्यायचे प्रयोग तर 1980 च्या दशकातले.

इंजेक्शन महाग आहे. शिवाय त्यानंतर बऱ्याच जणांना दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ नळी घालून लघवी काढावी लागते. म्हणजे आधी नळी शिकायला हवी, आणि ती तर स्वस्त गोष्ट आहे भाऊ! महिनोन्‌महिने लावून ठेवलेल्या नळीपेक्षा जंतूही कमी होतात.

ऑक्टोबर 2024 मध्ये बुलडाण्याच्या शासकीय मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं. पुढाऱ्यांना माझी मागणी एवढीच: तिथं आठवड्यातून एक दिवस मूत्ररोगतज्ज्ञाची ओपीडी, नळी शिकवणारी एक सिस्टर आणि गरिबांना मोफत नळ्या द्या. ओल्या कपड्यांत एसटीनं अकोला, संभाजीनगर गाठणं काय असतं, ते एकदा जाऊन बघा.

तोवर घरी असा रुग्ण असेल तर वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन कराच. लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते तेही बघायला सांगा. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.