शिफ्टमधली दहा मिनिटं

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नर्स आहे. अशा कारखान्यांत लाइनवर बहुतेक बायकाच असतात. काही आसपासच्या गावांतल्या, बाकीच्या लातूर, बीड, वाशीमकडून नवऱ्याबरोबर येऊन भाड्याच्या खोलीत संसार थाटलेल्या. माझ्या मेडिकल रूममध्ये त्या बोटाला कापलं म्हणून येतात, चक्कर आली म्हणून येतात, अंगावरून जास्त जातंय म्हणून येतात. छातीतल्या गाठीसाठी सरळ कुणी येत नाही. डोकेदुखीची गोळी मागतात, गोळी घेतात आणि तशाच उभ्या राहतात. ते उभं राहणं आता मला ओळखू येतं.

दर ऑक्टोबरात कॅन्टीनमध्ये छातीच्या कॅन्सरवर व्याख्यान व्हायचं. डॉक्टर मॅडम मनापासून सांगायच्या, पडद्यावर चित्रं दाखवायच्या, सगळ्यांना गुलाबी फिती मिळायच्या. बायका लक्ष देऊन ऐकायच्या. पण मागे भिंतीला टेकून पुरुष सुपरवायझर उभे असताना प्रश्न कोण विचारणार? आणि समजा पटलं, तरी दाखवायला जायचं कधी? एक दिवस केसपेपरला, एक सोनोग्राफीला, एक रिपोर्टला. कॉन्ट्रॅक्टवरच्या बाईचे तेवढे खाडे पडले की पगार कापला जातोच, वर हजेरीचा बोनसही बुडतो. न दुखणाऱ्या गाठीसाठी एवढं कोण घालवेल? माझं ठाम मत झालंय की आमच्या बायकांना माहिती कमी पडत नाही, वेळ कमी पडतो. आणि त्यांचा दिवसाचा वेळ कारखान्याच्या हातात असतो.

होळीच्या सुमाराला एक हेल्पर अशीच गोळी घेऊन दारात रेंगाळली. वय त्रेचाळीस. मी आत बोलावून कडी लावली.

“सिस्टर, दुखत नाही हो. दुखलं असतं तर कधीच दाखवलं असतं.”

तिच्या उजव्या छातीत बाहेरच्या बाजूला, वरच्या अंगाला गाठ होती. कडक, कडा वेड्यावाकड्या, बोटांनी ढकलली तरी जागची न हलणारी. हात डोक्यावर घ्यायला सांगितला, तेव्हा गाठीवरची कातडी आत ओढली जाऊन बारीकशी खळी पडली. हात खाली आला की खळी दिसेनाशी. ती रोज आंघोळ करत होती, पण आरशासमोर हात वर करून बघायला त्या एका खोलीत आडोसा कुठला?

“कधीपासून आहे?”

“दिवाळीच्या आधीपासून. लेकीची दहावी आहे ना, तेवढी परीक्षा होऊ दे म्हटलं.”

घरी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला दोन धास्त्या होत्या. सुई टोचली की गाठ अंगभर पसरते, असं शेजारणीने सांगितलं होतं. आणि ठेकेदार नाव काढून टाकेल. पहिलीचं उत्तर माझ्याकडे होतं. सुईने काढलेल्या तुकड्यावरूनच गाठ कसली आहे आणि तिला कुठलं औषध लागू पडेल हे कळतं. तपासणीला घाबरून घालवलेले महिने मात्र गाठीला वाढायला मिळतात. दुसऱ्या धास्तीसाठी मी एचआरच्या साहेबांकडे गेले.

मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायॉप्सी झाली. कॅन्सर निघाला, काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेला. केमो, ऑपरेशन, रेडिएशन सगळं करावं लागलं. ईएसआयमध्ये कॅन्सरसारख्या दीर्घ आजारांसाठी सेवेची आणि वर्गणीची अट पूर्ण असेल तर पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. हे आमच्या लाइनवर कुणालाच माहीत नव्हतं, ठेकेदाराच्या माणसालाही नाही. आज ती मालाच्या तपासणीच्या टेबलावर बसून काम करते. काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्या हाताला सूज येण्याचा धोका राहतो, म्हणून तिला क्रेट उचलायला लावत नाहीत. मीही तिचं बीपी डाव्या हाताचंच घेते.

तिच्या निमित्ताने प्लांट हेडसाहेबांनी मीटिंग लावली. या ऑक्टोबरात व्याख्यान मोठं करू, असा विचार होता. मी आमच्या डॉक्टर मॅडमना बरोबर नेलं होतं. त्यांनी शांघायची गोष्ट सांगितली. तिथल्या ५१९ कापड गिरण्यांमधल्या सुमारे २ लाख ६६ हजार कामगार बायकांवर १९८९ पासून एक मोठा अभ्यास झाला. निम्म्या जणींना स्वतःची छाती कशी तपासायची ते नीट शिकवलं, पुन्हा पुन्हा उजळणी घेतली. पण २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा दोन्ही गटांत छातीच्या कॅन्सरने झालेल्या मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. शिकवलेल्या गटात साध्या गाठींच्या बायॉप्स्या तेवढ्या वाढल्या. नुसतं शिकवून सोडून द्यायचं म्हटलं तर काय होतं, ते इतकं स्पष्ट मी कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी मुंबईचा अभ्यास समोर ठेवला. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका घेतल्या. निम्म्यांना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. यंत्र नाही, नुसता शिकलेला हात. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासलेल्या बायकांमध्ये कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडत होता. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मृत्यूंत तसा फायदा दिसला नाही, हेही मॅडमनी लपवलं नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीपासून हाताने तपासणी सांगितली आहे, म्हणून आपणही तिशीपासून सुरू करू, असं त्या म्हणाल्या.

मी माझं मागणं मांडलं. तपासणी शिफ्टमध्येच व्हावी. तपासणारी बाईच असावी. प्रत्येकीला दहा मिनिटं, तेवढा वेळ लाइनवर रिलीव्हर उभी राहील. पुढच्या तपासण्यांसाठी जावं लागलं तर खाडा धरू नये. प्रॉडक्शनच्या साहेबांनी टार्गेटचं विचारलं. ते विचारणारच, त्यांचं कामच ते. लाइन लीडर मुलींनीच चहाच्या सुट्टीला जोडून वेळा बसवून दिल्या आणि प्रश्न मिटला. गेटपासवर फक्त ‘मेडिकल’ लिहायचं, कारण विचारायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं. त्या विशी-पंचविशीतल्या मुलींचं मला फार कौतुक वाटतं.

आता तपासणीला मेडिकल रूमचं दार बंद झालं की बायका बोलतात. सिलिकॉनची नकली छाती टेबलावर असते, तिच्यात गाठी लपवलेल्या. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी छोटे गोल फिरवत, आधी हलका, मग जोराचा दाब देत गाठ शोधायची. सापडली की बाईचा चेहरा बदलतो. आता तिला कळतं की आपण काय शोधत होतो. गाठच नव्हे, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्ताळ पाणी येणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं, काखेत काही लागणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या फेरीची वाट न बघता यायचं. एक बावीस वर्षांची पोर रात्ररात्र रडून आली होती. तिची गाठ बोटाखालून सुळकन निसटत होती. सोनोग्राफीत साधी निघाली. बहुतेक गाठी साध्याच असतात, आणि हे कळायलाही कुणीतरी तपासावं लागतं.

माझ्या वहीत संशय आलेल्या बाईचं नाव रिपोर्ट हातात येईपर्यंत खोडलं जात नाही. सोनोग्राफी झाली का, नवरा पाठवत नाही का, पैसे आहेत का, हे मी फोन करून विचारते. खरी कसरत इथेच आहे. तपासणीच्या दिवशी फोटो काढायला सगळे येतात. तिसऱ्या आठवड्यात बाई रिपोर्ट न आणता गावी निघून जाते, तेव्हा तिच्या मागे लागणारं कुणीतरी पगारावर असलं पाहिजे.

आता माझा आग्रह कॅन्टीन आणि साफसफाईच्या मावशींसाठी आहे. त्यांचे ठेकेदार वेगळे, म्हणून पहिल्या यादीत त्यांची नावंच नव्हती. कारखान्यात पन्नाशीच्या पुढच्या बायका प्रामुख्याने त्याच आहेत, आणि मुंबईत जीव वाचले ते याच वयाच्या बायकांचे. पुढची फेरी त्यांच्यापासून सुरू करावी असं मी लेखी दिलंय. नाश्त्याची भांडी आवरून झाली की जेवणाच्या तयारीआधी त्यांना तासभर मोकळीक असते, आणि मेडिकल रूमही त्या वेळी रिकामी असते.