वाट राखणारे हात

मुलांनो, मुंबईत धारावीजवळ महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तेथे पूर्वी शहराचा कचरा टाकत असत. त्याच जागी झाडे लावली, जगवली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले.

ते पाहिल्यापासून मी सुटीच्या दिवशी आमच्या टेकडीवर श्रमदानाला जातो. आम्ही घाणेरीची झुडपे मुळासकट उपटतो. नुसती कापली तर ती पुन्हा फुटतात आणि लहान रोपांचे ऊन अडवतात. पायवाटेवरून पावसाचे पाणी धावले, की माती वाहून जाते. म्हणून तिरके दगड बसवून आम्ही पाणी बाजूला वळवतो. वाट नीट असली, की लोक तिच्यावरूनच चालतात. रोपे तुडवली जात नाहीत.

झाडे लावून भागत नाही, ती राखावी लागतात. तुमच्या घराजवळच्या बागेसाठी तुम्ही काय कराल?