दूध सोडायचं, पण चहाचं काय?

बोरगावात माझ्यासारख्या आहारतज्ज्ञाकडे माणसं पूर्वी दोनच कारणांनी यायची, साखर वाढली म्हणून, नाहीतर वजन वाढलं म्हणून. आता तिसरं कारण आलंय. "मॅडम, दूध बंद करायचंय. बदामाचं घेऊ की ओट्सचं?" विचारणारी कधी कॉलेजातली मुलगी असते, कधी औद्योगिक क्षेत्रात पाळीवर जाणारा तरुण, तर कधी दुपारच्या चहानंतर पोट डमरूसारखं फुगतं म्हणून वैतागलेले आजोबा. प्रश्न एकच, गरज मात्र प्रत्येकाची निराळी. त्यामुळे कुठलं दूध घ्यायचं हे सांगण्याआधी मी उलट विचारते, सोडताय कशासाठी?

आजोबांचं बघू. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, गाईच्या दुधाच्या दोनशे मिलीच्या पेल्यात साधारण दहा ग्रॅम. ती फोडणारं लॅक्टेज हे विकर तान्हेपणी भरपूर असतं आणि जगातल्या बहुसंख्य माणसांत मोठेपणी ओसरतं. काहींमध्ये एका जनुकीय बदलामुळे ते टिकून राहतं. युरोपात आढळणारा हाच बदल भारतातही आहे. तो वायव्येकडे आणि गुरं राखणाऱ्या समाजांत जास्त, दक्षिण-पूर्वेकडे कमी कमी होत जातो. म्हणजे आजोबांना दूध न पचणं हा आजार नाही, ती शरीराची नेहमीची रीत आहे. अशा माणसाला बदामाच्या दुधाचं पाकीट घ्यायला लावणं मला पटत नाही. विरजण लागताना जिवाणू लॅक्टोज काही प्रमाणात खाऊन टाकतात, शिवाय दह्यातले जिवाणू स्वतःचं लॅक्टेजही सोबत आणतात. म्हणून दही, ताक, पनीर बहुतेकांना सोसतं आणि तुपात तर लॅक्टोज नावालाच उरतं. थोडं दूध जेवणासोबत घेतलं तर तेही अनेकांना चालतं. आजोबांचा पेला बंद झाला, वाटीभर ताक सुरू झालं, विषय मिटला.

ॲलर्जीचं प्रकरण अगदी वेगळं. तिथे शरीर दुधातल्या प्रथिनांवर चवताळतं, साखरेवर नाही. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास अडकतो. हे जास्त करून लहान मुलांत दिसतं आणि पुष्कळ मुलांचं वयानुसार जातंही, पण तोवर ताक नाही, पनीर नाही, दूधपावडर घातलेलं बिस्किटही नाही. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला घरी केलेलं कुठलंही वनस्पती-दूध आईच्या दुधाऐवजी देऊ नका. सोयाचं नको, बदामाचं नको, तांदळाचं तर नकोच.

तिसरा गट जनावरांच्या कळवळ्यापोटी दूध सोडणाऱ्यांचा. हा गट आमच्याकडे लहान आहे, पण वाढतोय. त्यांच्याशी वाद घालायला मी बसलेली नाही. त्यांना ताकही नको असतं, त्यामुळे खरा हिशेब त्यांच्यासाठीच मांडावा लागतो.

तो हिशेब असा. दूध घरात एकच काम करत नाही. ते प्रथिनं देतं, कॅल्शियम देतं, शाकाहारी माणसाला बी-१२ देतं, दही लावायला लागतं आणि चहाला रंग आणतं. या सगळ्या कामांना पुरून उरणारं एकच झाडपाल्याचं दूध बाजारात नाही. पाकिटातल्या बदाम-दुधाचंच घ्या. त्यात बदाम सहसा दोन-तीन टक्के असतात, बाकी पाणी, घट्टपणासाठी गोंद आणि बऱ्याचदा साखर. शंभर मिलीला प्रथिनं जेमतेम अर्धा ग्रॅम. गाईच्या दुधाच्या एका पेल्यातून मिळतात तेवढी, म्हणजे साडेसहा ग्रॅम प्रथिनं हवी असतील तर हे पेय सव्वा लिटर प्यावं लागेल. त्यापेक्षा मूठभर बदाम चावून खा, तेवढीच प्रथिनं मिळतील आणि पैसेही वाचतील. बदाम-दूध वाईट नाही. दुधाची जागा मात्र ते फक्त दिसण्यात घेतं.

आमच्या या टापूत प्रथिनांच्या कामाला उत्तर शेतातच आहे. सौंसर-पांढुर्ण्याचं नाव संत्र्यांनी गाजतं, पण कपाशी आणि मक्याच्या शेजारी सोयाबीन आणि भुईमूगही असतोच. दूध सोडून पाहण्याच्या सगळ्यांत गाजलेल्या प्रयोगाचा पुढचा टप्पाही फार लांब घडला नाही. गांधीजींनी १९१२मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध न पिण्याचं व्रत घेतलं. १९१८मध्ये आमांशाने ते इतके खंगले की डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला. व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, शेळी नव्हती, हा मार्ग कस्तुरबांनी काढला आणि गांधीजींनी शेळीचं दूध घेतलं. हे त्यांनी स्वतः आत्मकथेत लिहिलंय, आणि ते मनाला लागून राहिल्याचंही. पुढे १९३५मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीन शिजवून सगळ्यांच्या ताटात वाढायला सुरुवात केली आणि 'हरिजन'मधून त्यावर लिहिलं. गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिनं कशी येतील, ही त्यांची काळजी होती. सोयाबीन तेव्हा इकडच्या शेतकऱ्याच्या फारसं ओळखीचं नव्हतं. १९६०च्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठासोबत काम केलं, त्यानंतर ते मध्य प्रदेशात पसरलं. आज आपण त्याचं तेल खातो आणि पेंड, म्हणजे सगळी प्रथिनं, कोंबड्यांच्या खाद्यात जाते. हे मला दरवर्षी खुपतं.

सोयाचं दूध घरी करता येतं. ते उग्र लागतं ही तक्रार खरी आहे, पण दोष करण्याच्या पद्धतीत असतो. दाण्यातलं लिपॉक्सिजिनेज नावाचं विकर दाणा फुटून पाण्याशी आणि हवेशी भेटला की कामाला लागतं आणि तो कच्च्या शेंगेचा वास तयार करतं. त्याला उष्णतेने आधीच मारायचं. सव्वाशे ग्रॅम पिवळं सोयाबीन रात्री भिजवा, सकाळी चोळून सालं काढा. भिजलेले दाणे उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं टाका आणि मग गरम पाणी घालूनच मिक्सरमध्ये वाटा. थंड पाण्यात वाटलंत की वास आलाच. एकूण पाणी लिटरभर. मलमलच्या कापडातून गाळा आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. थोड्याच वेळात फेस भसकन वर येईल. ती खरी उकळी नव्हे. तिथे गॅस बंद करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचंच पोट दुखतं. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन रोखणारे घटक असतात, ते प्रथिनं पचू देत नाहीत. फेस खाली बसवून, ढवळत, खरी उकळी आल्यावर पंधरा-वीस मिनिटं ते शिजलंच पाहिजे. उतरवताना चिमूटभर मीठ आणि वेलची. उरलेला चोथा फेकू नका, थालीपिठात किंवा वड्यात नीट शिजवून वापरा.

या दुधात शंभर मिलीला तीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे जवळजवळ गाईच्या दुधाइतकी, आणि प्रतही चांगली. खर्च? २०२५-२६च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता. त्या भावाने लिटरभर दुधाला दाणे सात रुपयांचेही लागत नाहीत. शेतकऱ्याला हा भाव दरवेळी मिळतो का, हा प्रश्न वेगळा आणि जास्त दुखरा. ज्यांना यात धंदा दिसतो त्यांनी भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेकडे चौकशी करावी, तिथे सोयादूध आणि सोयापनीर करायला शिकवतात. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने तर तो ट्रिप्सिन रोखणारा मुख्य घटकच नसलेलं 'एनआरसी १२७' हे वाण काढलंय. असं बियाणं वापरणारे शेतकरी वाढले तर घरातलं काम सोपं होईल.

कारखान्यातली पोरं दार लावून घेऊन एक प्रश्न हमखास विचारतात, सोयाने पुरुषपण कमी होतं का? नाही. सोयातली आयसोफ्लेव्होन्स शरीरातल्या इस्ट्रोजेनशी थोडं साम्य राखतात एवढंच, नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने पुरुषांच्या संप्रेरकांवर परिणाम होत असल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. खरी काळजी थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी घ्यायची. सोयामुळे ती गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर हवं.

शेंगदाण्याचं दूध त्याहून सोपं. मूठभर दाणे भिजवा, सालं काढा, वाटा, गाळा, उकळा. उपवासाची आमटी जिने केलीय तिला हे शिकवावं लागत नाही. प्रथिनांत ते सोयाच्या खाली, स्निग्धांशात वर, आणि चव घरातल्या सगळ्यांना आवडणारी. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने दूधटंचाईच्या काळात म्हशीच्या दुधात शेंगदाण्याची प्रथिनं मिसळून 'मिल्टोन' नावाचं दूध तयार केलं होतं. पुढे दूध महापूर आला आणि ते मागे पडलं. दाणे मात्र पारखून घ्या. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा वास येणारा दाणा बाजूला काढा. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष उकळून जात नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. ओट्सच्या पाकिटात विकरं वापरून पिष्टाची साखर केलेली असते, म्हणून ते साखर न घालताही गोड लागतं. मधुमेह्यांनी जपून. तांदळाच्या दुधात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं आणि त्यातल्या आर्सेनिकमुळे ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालील मुलांना ते देऊ नका असं सांगतात. नारळाचं दूध सोलकढीत आणि रश्शात शोभतं, रोज पेलाभर प्यायला नाही.

आता चहा. गेल्या पावसाळ्यात एक पाळीवाला भाऊ माझ्यासमोर बसून म्हणाला, "दूध सोडतो जी, पन चहाचं काय करू ते सांगा." हा प्रश्न मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो, कारण आमच्याकडे दुधाचा मोठा वाटा चहातच जातो. सोयादूध उकळत्या चहात ओतलं की फाटतं. चहाची आम्लता आणि उष्णता एकदम पडली की त्यातली प्रथिनं गोळा होतात. उपाय असा, आलं घालायचं असेल तर आधीच पाण्यात नीट उकळून घ्या, चहा गाळून मिनिटभर निवू द्या, दूध वेगळं गरम करा, कपात आधी दूध आणि त्यावर चहा. ओट्सचं दूध चहात सगळ्यांत नीट बसतं हे मान्य, पण रोज चार कप पिणाऱ्याला ते परवडत नाही. त्या भावाला मी दोन कप कोरे, गवती चहा आणि लिंबू घालून, आणि दोन कप सोयाचे असा तह सुचवला. पहिल्या आठवड्यात त्याने तोंड वाकडं केलं, मग सवय झाली.

कॅल्शियमचं काम मात्र घरचं कुठलंच वनस्पती-दूध करत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला रोज हजार मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. गाईच्या दुधाचा पेला त्यातले अडीचशेच्या आसपास देतो. पाकीट घेणार असाल तर कॅल्शियम घातलेलं, साखर नसलेलं बघा आणि पिण्याआधी जोरात हलवा, कारण घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. हलवलं नाही तर ते पाकिटासोबत कचऱ्यात. घरचं दूध करणाऱ्यांनी ही भरपाई ताटातून करायची, नाचणीची भाकरी किंवा आंबील, भाजलेल्या तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी. आमच्याकडे ज्वारीवर भर असतो आणि ज्वारीत कॅल्शियम फार कमी, म्हणून आठवड्यातून तीन-चारदा नाचणी आणाच. पालकावर भिस्त नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं.

बी-१२ बद्दल तर तडजोडच नाही. ते वनस्पतींत नसतं. अंडी-मटण खाणाऱ्याला फारशी चिंता नाही, पण शाकाहारी माणसाचा दुधाचा दरवाजा बंद झाला की गोळी किंवा बी-१२ घातलेलं पेय हवंच. हातापायांना मुंग्या येईपर्यंत वाट पाहू नका. आधी रक्त तपासा, मग डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवा.

दुकानात हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो ठिपका शाकाहाराचा, दूधपावडर असलेल्या पाकिटावरही असतो. कॅसिनेट किंवा व्हे हे शब्द दिसले की तिथे दूध आहे. चहात टाकायच्या पांढऱ्या पावडरीत कॅसिनेट बऱ्याचदा सापडतं. २०२२च्या नियमांनुसार प्राणिजन्य काहीही नसलेल्या पदार्थांसाठी वेगळं हिरवं चिन्ह आलंय, ते शोधा.

दह्याचं काम सोयादूध बऱ्यापैकी करतं. कोमट दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकून पहिलं विरजण लावा, पुढे त्याच दह्याचं. पहिला घाणा पातळ होतो, कढीला घ्या.

ॲलर्जी नाही पण मुरूम, कफ, पोट यांसाठी दूध दोषी ठरवलंय, अशांनी एक करावं. तीन आठवडे दूध पूर्ण बंद, बाकी आहार तोच, रोज दोन ओळी लिहून ठेवायच्या. मग पुन्हा रोज पेलाभर दूध आठवडाभर. त्रास परत आला तर सोयाबीन भिजत घाला. नाही आला तर दुधाला दोष देणं सोडा, आपण दिवाळीच्या चिवड्याची आणि रात्रपाळीतल्या सहा कप साखरेच्या चहाची चौकशी करू.