सोळा पायऱ्यांचा किनारा

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई. तिथल्या बंदराकाठी कोदाँ वॉटरफ्रंट आहे. दुकानं, सिनेमागृह, कसिनो आणि डोक्यावर रंगीत छत्र्या टांगलेली गल्ली. १९९६ साली हा भाग लोकांसाठी खुला झाला. रविवारी इथे सहकुटुंब फिरायला आलेल्यांची गर्दी असते. शहराच्या पाठीशी ल पूस डोंगराचं अंगठ्यासारखं वर आलेलं टोक दिसतं.

इथल्याच ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ सालची मॉरिशसची दोन टपाल तिकिटं आहेत, एक नारिंगी आणि एक निळं. रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर दर तासाला काही मिनिटंच दिवा लावतात. लोक त्या वेळेची वाट पाहत थांबतात.

मी तिथून काठाकाठाने उत्तरेकडे निघालो. वाटेत माहे द ला बूर्दोने यांचा बंदराकडे तोंड केलेला पुतळा लागतो. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या या फ्रेंच माणसाने हे बंदर उभं केलं. त्याच्या पुढे, टपाल संग्रहालयही मागे टाकलं की आप्रवासी घाट येतो. कोदाँला आलेल्या प्रत्येकाने एवढं चालावंच.

१८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी संपली, पण उसाच्या मळ्यांना माणसं हवीच होती. त्याच्या आदल्या वर्षी, २ नोव्हेंबरला ‘ॲटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर करारावर आले होते. पुढे ओघ वाढला, आणि त्यांना उतरवून घेण्यासाठी १८४९ मध्ये या घाटावर डेपो बांधला गेला, म्हणजे त्या तिकिटांनंतर दोनच वर्षांनी. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं मॉरिशसला आली. दोनेक दिवस डेपोत काढायचे, मग नेमून दिलेल्या मळ्यावर रवाना. महामार्ग बांधताना डेपोचा काही भाग गेला. दवाखान्याच्या खोल्या, पहारेकऱ्याची चौकी आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या दगडी सोळा पायऱ्या उरल्या. २००६ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा ठरवलं.

या माणसांत मुंबई बंदरातून निघालेले आपले कोकणी शेतकरीही होते. त्यांची नातवंडं-पतवंडं घरात क्रिओल बोलतात, पण गणपतीत झाकरी नाचतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. पायऱ्यांसमोर उभं राहिल्यावर मला ती तिकिटं आठवली आणि रागच आला. त्या दोन कागदांची कीर्ती जगभर आहे. हा घाट मात्र कोदाँला येणारे कितीतरी प्रवासी न पाहताच परततात. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या नोंदवह्या आहेत. पणजोबांचं गाव शोधायला आजही लोक तिथे जातात.