पितिल्यानोची ज्यू गल्ली

रोमहून सकाळी निघालो. दोनएक तासांनी एका वळणावर इटलीतले हे टेकडीवरचे गाव समोर आले आणि मुले ओरडलीच! खडक कुठे संपतो नि घरे कुठे सुरू होतात, कळेना. दगड ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ. तोच कापून घरे, तोच कोरून तळघरे. आम्हाला आपली लेणी आठवली.

पण आम्ही आलो होतो ज्यू गल्ली पाहायला. १५६९ साली पोपने रोम व अँकोना ही शहरे वगळून आपल्या राज्यातून ज्यूंना हाकलले. त्यातले कित्येक या भागात आले. १५९८ साली त्यांनी इथे सिनेगॉग बांधले. पुढे मेदिची घराण्याचे राज्य आले आणि १६२२ साली त्यांना एका गल्लीत कोंडले. अशा वस्तीला घेटो म्हणतात. बाबासाहेबांनी आपल्या वस्त्यांसाठी हाच शब्द वापरला. आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले, यांना गावात ठेवून कोंडले. एवढाच काय तो फरक!

खाली खडकात वल्हांडणाच्या बेखमीर भाकरीची भट्टी आहे. आमच्याकडच्या बायका तिथून हलेनात.

बेकरीत काठीसारखे लांब पक्वान्न मिळाले. आत मध नि अक्रोड. नाव 'स्फ्रात्तो', म्हणजे घरातून हुसकावणे! शिपाई काठ्यांनी दारे ठोठावून ज्यूंना बाहेर काढत, त्याची ही आठवण, असे सांगतात. १९४३-४४ साली मात्र आसपासच्या शेतकऱ्यांनी ज्यू कुटुंबांना नाझींपासून लपवले. आज गावात ज्यू मोजकेच. स्फ्रात्तो ख्रिस्ती बेकरीवालेही करतात. आम्ही चार घेतले. तीन गाडीतच संपले.