पाण्याला विरजण

"आम्ही घरी मासे आणलेत," असं मंडळाच्या कार्यक्रमात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "पापलेट मिळालं का चांगलं?" पाळायला आणलेत म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा किंचित उतरतो. मालवणच्या एका मैत्रिणीने तर स्पष्टच सांगितलं, "आमच्याकडे मासा काचेत नाही, तव्यावर ठेवतात!"

तरीही गेल्या दोन वर्षांत मला चार-पाच घरांतून फोन आले. मुलाला कुत्रा हवा असतो, आईवडिलांना नको असतो, आणि गाडी फिश टँकवर येऊन थांबते. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा स्मरणिकेत लिहून टाकावं म्हटलं. शिवाय आमच्या टँकच्या गोष्टीत बाबा आहेत, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं केव्हाचं मनात होतं.

आई २०२२ च्या जूनमध्ये गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर, जुलै २०२३ मध्ये बाबा वर्षभराच्या व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीला आले. जुलै म्हणजे इथली ऐन थंडी. साडेपाचला अंधार. आम्ही दोघं सकाळी कामावर, लेक शाळेत, आणि बाबा दिवसभर हीटरसमोर शाल पांघरून. पुण्यात मंडईपर्यंत जायचं तर ज्यांना वाटेत दहा माणसं थांबवायची, त्यांना इथे दिवसभरात दिसायचा तो पोस्टमन. "छान चाललंय माझं," एवढंच म्हणायचे. आईचा विषय निघाला की उठून आत जायचे.

ऑगस्टमध्ये आम्ही जाहिरात बघून एक वापरलेला टँक आणला. लेकाला खरं तर गोल काचेचा बाउल आणि त्यात एक गोल्डफिश हवा होता, सिनेमात असतो तसा. त्याला मी ठाम नकार दिला. गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो. त्याला बाउलमध्ये ठेवणं म्हणजे माणसाला बाथरूममध्ये बिऱ्हाड करायला लावणं. लहान टँक सांभाळायला सोपा, हीदेखील एक समजूतच आहे. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. नवशिक्यांनी शंभर लिटरच्या खाली जाऊ नये असं माझं मत आहे. आमचा ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण १८२ लिटरचा.

घेण्याआधी एक गुणाकार मात्र करा. १८२ लिटर म्हणजे १८२ किलो पाणी, वर काच, खडी आणि स्टँड. म्हणजे तीन धष्टपुष्ट माणसं एका कोपऱ्यात कायमची उभी. नव्या घरांना खाली काँक्रीटचा स्लॅब असतो, तिथे काळजी नाही. आमच्यासारखं जुनं, स्टंप्सवर उभं असलेलं लाकडी जमिनीचं घर असेल तर टँक भिंतीलगत आणि जमिनीखालच्या तुळयांना आडवा ठेवावा, म्हणजे भार दोन-तीन तुळयांवर वाटला जातो. जुना टँक असेल तर आधी बाहेर ड्राइव्हवेवर भरून एक दिवस ठेवावा. गळायचा असेल तर तिथेच गळेल.

जागेवरून आमच्याकडे आंतरराष्ट्रीय चर्चा झाली. नाशिकच्या आत्याने फोनवरून फर्मान काढलं की मत्स्यालय ईशान्येलाच हवं. आता ईशान्येला भारतात ऊन कोवळं आणि थोडकं, पण इथे दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो. आमच्या ईशान्येच्या खिडकीतून सकाळपासून दुपारपर्यंत ऊन आत येतं. तिथे टँक ठेवला असता तर पंधरा दिवसांत शेवाळाने हिरवा झाला असता. आम्ही तो दक्षिणेच्या भिंतीला लावला. आत्याला अजून सांगितलेलं नाही.

इथवर बाबा शाल पांघरून नुसते बघत होते. मग मी पाण्यात घालायची बाटली काढली, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारी. बाबांनी चष्मा लावून लेबल वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे आपला हायपोच की!" सोडियम थायोसल्फेट. बाबांची सगळी नोकरी पुणे महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात, पर्वती जलकेंद्राच्या प्रयोगशाळेत झाली. जंतूंच्या तपासणीसाठी नळाचं पाणी ज्या बाटल्यांत घेत, त्यांत आधीच याची चिमूट टाकलेली असे, नाहीतर पोचेपर्यंत क्लोरीन सगळे जंतू मारून टाकणार. "पस्तीस वर्षं पाण्यात क्लोरीन घातलं," बाबा म्हणाले, "आता म्हातारपणी काढायला बसवता होय मला!" दीड महिन्यात ऐकलेलं त्यांचं सर्वांत लांब वाक्य.

त्या दिवसापासून टँक बाबांचा झाला. मेलबर्नचं पाणी कुठून येतं याची त्यांनी नातवाकडून इंटरनेटवर चौकशी करून घेतली. आपल्या पिण्याच्या पाण्याचा बराच मोठा भाग यारा रेंजेसमधल्या, माणसांना मज्जाव असलेल्या जंगलांतून येतो. ते इतकं स्वच्छ असतं की त्यातल्या बऱ्याच पाण्याला गाळण्याचीही गरज पडत नाही, नुसतं क्लोरीन पुरतं. खडकवासल्याच्या पाण्यात जन्मभर तुरटी ढवळलेल्या माणसाला हे ऐकून हेवा वाटला. "यांना काय काम असतं मग दिवसभर?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

इथे एक सूचना. बादलीत पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं, ही आपली जुनी युक्ती मेलबर्नच्या बहुतेक भागात चालते. ब्रिस्बेनमध्ये आणि सिडनीच्या बऱ्याच भागात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, आणि ते असं उडत नाही. तिथे बाटलीतलं औषध लागतंच. तुमच्याकडे काय घालतात ते पाणी कंपनीला फोन करून विचारा, सांगतात.

आता मुख्य गोष्ट. टँक भरला, पाणी स्वच्छ दिसतंय, दुकानात जाऊन मासे आणले, आणि आठवड्यात सगळे मेले. ही कथा मी निदान सहा घरांत ऐकली आहे. कारण एकच. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. त्याला खाणारे एका जातीचे जीवाणू असतात, ते त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारी. त्याला खाणारे दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीत राहतात. नव्या टँकमध्ये ते जवळजवळ नसतातच. आपोआप वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर आत मासा नसावा.

मी हे समजावून सांगत होते तर बाबा म्हणाले, "एवढं काय, विरजण हवं." अगदी खरं! आपल्यापैकी जी मंडळी फार पूर्वी इथे आली त्यांना आठवत असेल, चांगलं विरजण एका घरातून दुसऱ्या घरात कसं जायचं ते. टँकचंही तसंच. डँडेनाँगच्या एका मराठी कुटुंबाकडे दहा वर्षांचा निरोगी टँक आहे. त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा आम्ही त्यांच्याच पाण्यात ओला ठेवून आणला आणि आमच्या फिल्टरमध्ये बसवला. जीवाणूंना खाऊ म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाणं.

चार दिवस काहीच होईना. पाणी चौदा अंशांवर. "थंडीत दही लागतं का कधी?" बाबांचा पुन्हा सवाल. आपण हिवाळ्यात ओव्हनचा दिवा लावून आत दही ठेवतो, तसा त्यांनी टँकमध्ये हीटर लावायला लावला, पंचवीस अंशांवर. मासे नसताना पाण्याला हीटर! लाइटचं बिल बघून नवरा काही बोलला नाही, हे त्याचं मोठेपण.

बाबा रोज सकाळी दहाला पाणी तपासायचे. टेस्ट किटच्या काचेच्या नळ्या, थेंब मोजून घालायचे, पाच मिनिटं थांबून रंग ताडून बघायचा. पर्वतीला ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. इथे अमोनियाच्या टेस्टमध्ये पिवळा म्हणजे शून्य, हिरवा म्हणजे धोका. "उलटा देश," असा शेरा. सगळं दोनशे पानी वहीत, तारीखवार, तक्ते आखून. सप्टेंबरमध्ये एकदा मला ऑफिसात फोन आला. बाबा कधी ऑफिसात फोन करत नाहीत. मी घाबरून मीटिंगमधून बाहेर आले. "अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सलग तिसरा दिवस," ते म्हणाले. "मासे आणू या."

दुकानात बाबा एका टँकपुढे बराच वेळ उभे राहिले. अंगावर लाल आणि काळा पट्टा असलेले चपळ मासे. पाटीवर इंग्रजी नाव काहीतरी भलतंच होतं, पण लेकाने फोनवर शोधलं. केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांतला हा मासा, आणि २०१३ मध्ये त्याच्या कुळाला शास्त्रज्ञांनी दिलेलं नाव 'सह्याद्रिया'. घ्यायचा मोह झाला. पण तो वीतभर वाढतो, कळपाने पोहतो आणि त्याला चार फुटांच्या खाली जागा पुरत नाही. बाबाच म्हणाले, "नको, कोंडमारा होईल."

शेजारी गप्पी होते. आपल्याकडे गप्पी म्हणजे मलेरिया खात्याचा मासा, डासांच्या अळ्या खातो म्हणून विहिरीत सोडतात. आणि तिथे, दुकानात उभ्या उभ्या, बाबा नातवाला सांगू लागले, "आमच्या वाड्यातल्या हौदात म्युनिसिपालटीने गप्पी सोडले होते. तुझी आजी रोज पाणी भरताना ते मोजायची. एक कमी भरला की मला शोधायला लावायची." मी दुसऱ्या रांगेत जाऊन खाण्याचे डबे बघत बसले.

इथे मात्र गप्पी काय, कुठलाच मासा ओढ्यात किंवा तळ्यात सोडायचा नाही, कायद्याने गुन्हा आहे. डास मारायला १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियात आणलेला गँबुसिया आज इथल्या लहान देशी माशांचे पंख कुरतडतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या व्हास नदीत लोकांनी सोडून दिलेले गोल्डफिश जवळजवळ दोन किलोंचे झालेत. मासे नकोसे झाले तर दुकानात परत विचारा, मंडळाच्या ग्रुपवर टाका, पण ओढ्यात नको.

आम्ही इथलेच घेतले, सहा मरे रिव्हर रेनबोफिश. जेमतेम दहा सेंटिमीटरचे, मेलबर्नची थंडी सोसणारे, त्यामुळे हीटर बंद झाला. उड्या मारतात, झाकण हवंच. दुकानात अगदी फिके दिसतात, म्हणून लोक घेत नाहीत. घरी रुळले की सकाळच्या वेळी नराच्या अंगावर जी झळाळी येते ती बघायला आमच्याकडे या. बाबा चहा घेऊन समोर बसायचे. डिसेंबरपर्यंत शेजारचे ग्रीक आजोबाही येऊन बसायला लागले. दोघांचं इंग्रजी बेताचं, पण तक्रार कुणाचीच नव्हती.

जुलै २०२४ मध्ये व्हिसा संपला आणि बाबा पुण्याला परतले. वही ठेवून गेले. लेक आता पाणी तपासतो आणि त्याच वहीत पुढे लिहितो, इंग्रजी आकड्यांत. बाबांचं मराठी अक्षर लावायला त्याला वेळ लागतो, पण लावतो. परवा एक पान घेऊन माझ्याकडे आला, "आई, हे काय आहे? इथे नंबर्स नाहीत." जूनमधलं पान होतं. 'आज हिची तिथी. पाणी बदलले. मासे सहाही ठीक.'

रविवारी फोनवर बाबांचा पहिला प्रश्न "नायट्रेट किती?" असा असतो, आमची खुशाली नंतर. आमच्या स्पंजचे तुकडे आतापर्यंत टार्नीट, पॉइंट कुक आणि बेरिकला गेलेत. कुणाला हवा असेल तर सांगा, झाकणाचा डबा घेऊन या. फक्त घरी नेऊन नळाखाली धुऊ नका.